गांजाच्या वासाची फोड: मसाल्याच्या डब्यावरून टर्पिने ओळखण्याची रीत

परदेशातील गांजाच्या वाणांविषयी वाचताना मराठी वाचक अडतो तो वासाच्या शब्दांपाशी. एका वाणाला 'डिझेल' म्हणतात, दुसऱ्याला 'स्कंक', तिसऱ्याच्या वर्णनात पाइन आणि लिंबू यांची जोडी असते, तर चौथ्याला चक्क लसणाचे नाव दिलेले असते. स्कंक हा दुर्गंधीचा फवारा सोडणारा अमेरिकेतला प्राणी आपण पाहिलेला नसतो आणि पाइनचे जंगल कोल्हापूरच्या पंचक्रोशीत नाही. त्यामुळे वर्णन डोळ्यांखालून जाते, पण नाकात काहीच उमटत नाही. महाविद्यालयात सुगंधी तेलांचे रसायनशास्त्र शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारला आहे. उत्तर शोधता शोधता असे लक्षात आले की, गांजाच्या वासामागची बहुतेक मुख्य द्रव्ये, म्हणजे टर्पिने, आपल्या मसाल्याच्या डब्यात, फळांच्या पाटीत आणि चित्रकाराच्या बाटलीत आधीपासूनच आहेत. ती एकेक करून नाकाला कशी ओळखवावीत आणि त्यांवरून एखाद्या वाणाचा वास असा का असतो हे कसे समजून घ्यावे, याची रीत येथे दिली आहे.

या रीतीत गांजाची गरज कोठेही पडत नाही आणि पडू देऊही नये. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस कायदा म्हणतात, त्यानुसार गांजा म्हणजे या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. त्यांची लागवड करणे, ते जवळ बाळगणे, त्यांची वाहतूक, विक्री किंवा सेवन करणे हा गुन्हा आहे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, तरी पानांना राज्यांचे अबकारी नियम लागू होतात. अभ्यास वासाचा करायचा आहे, आणि तो कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या मसाल्याच्या दुकानावर पूर्ण होतो.

वास झाडात कोठे असतो

गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर, विशेषतः प्रत्येक फुलाला लपेटून असणाऱ्या इवल्या पानांवर, साध्या डोळ्यांना साखर भुरभुरल्यासारखी चमक दिसते. भिंगाखाली पाहिले तर ती टाचणीच्या आकाराच्या असंख्य केसांची दाटी असते: खाली बारीक दांडा आणि वर गोल, पारदर्शक डोके. या ग्रंथिकेसांच्या डोक्यात काही पेशींची चकती असते, आणि तिच्यावरच्या पातळ आवरणाखाली जी पोकळी असते तिच्यात राळ साठते. वास देणारी तेले आणि नशा आणणारी द्रव्ये दोन्ही याच राळेत असतात. केस मोडला की आवरण फाटते आणि वास सुटतो. म्हणूनच फुलोरा नुसता पाहण्यापेक्षा चुरडला की त्याचा दरवळ अनेक पटींनी वाढतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर अंगणातल्या तुळशीचे पान उलटे करून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावे. पानाच्या मागच्या बाजूला चमकणारे बारीक ठिपके दिसतात. त्या तुळशीच्या तेलग्रंथी आहेत. पान दोन बोटांत चुरडण्याआधी एकदा आणि चुरडल्यानंतर एकदा वास घेतला की ग्रंथी फुटणे म्हणजे काय, हे नाकालाच कळते. याच वेळी शेताच्या बांधावरच्या अंबाडीचे पानही चुरडून पाहावे. अंबाडीच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' हा शब्द आला तो तिचे बोटांसारखे चिरलेले पान गांजाच्या पानासारखे दिसते म्हणून. पण त्या पानाला आंबट चव असते आणि राळेचा वास अजिबात नसतो. ज्या झाडाला राळेच्या ग्रंथी नाहीत त्याला पानाच्या आकारावरून वास येत नाही. गांजाच्या मोठ्या पानांवरही या ग्रंथी फुलोऱ्याच्या मानाने फार विरळ असतात, आणि भांगेच्या पानांचा वास मुख्यतः हिरवट, गवतासारखा का असतो याचे कारण तेच आहे.

दुसरा एक गैरसमज येथेच दूर करावा. वास जितका उग्र तितकी नशा अधिक, असे अनेकजण धरून चालतात. नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याकडे याचे अगदी नेमके उदाहरण आहे: काळी मिरी तिखट लागते ती पिपरीनमुळे आणि मिरचीचा जाळ कॅप्सायसिनमुळे, परंतु ही दोन्ही द्रव्ये हवेत उडत नाहीत आणि म्हणून त्यांना वास नाही. संकेश्वरी मिरचीचा खमंग वास घेऊन ती किती तिखट आहे हे कोणी सांगू शकत नाही, तसेच हेही आहे.

वास घडतो कसा

वास देणाऱ्या या द्रव्यांना टर्पिने म्हणतात, आणि हे नाव टर्पेंटाइनवरूनच आलेले आहे. झाड पाच कार्बन अणूंची एक वीट तयार करते. दोन विटा जोडल्या की दहा कार्बनांचे मोनोटर्पीन होते आणि तीन जोडल्या की पंधरा कार्बनांचे सेस्क्विटर्पीन. मोनोटर्पिने हलकी असतात, चटकन उडतात आणि डबा उघडताक्षणी नाकाशी येतात. सेस्क्विटर्पिने जड असतात, हळूहळू उडतात आणि मागे रेंगाळतात. लिमोनीन, पायनीन, मायर्सीन, लिनालूल, ओसिमीन आणि टर्पिनोलीन पहिल्या गटातली, तर कॅरियोफिलीन आणि ह्युम्युलीन दुसऱ्या गटातली. हा एक भेद पक्का झाला की पुढचे अर्धे काम सोपे होते.

एकाच विटेपासून इतके वेगळे वास कसे निघतात, याचे उत्तर विकरांत, म्हणजे झाडातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांत, आहे. दहा कार्बनांचा तोच साचा हातात आला तरी एक विकर त्याला वळवून लिमोनीन बनवतो, दुसरा पायनीन, तिसरा तसाच सरळ ठेवून मायर्सीन. गांजाच्या जनुकसंचात अशा विकरांची अनेक जनुके आहेत आणि कोणत्या वाणात त्यांतली कोणती किती जोराने चालतात यावर त्या वाणाचा वास ठरतो. आपल्या आजऱ्याच्या घनसाळशी तुलना केली तर फरक चांगला समजतो. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः एका जनुकातल्या बिघाडामुळे साठणाऱ्या एकाच द्रव्याचा असतो, आणि म्हणून तांदूळ एकतर सुवासिक असतो किंवा नसतो. गांजाचा वास असा एका कळीने चालू-बंद होत नाही. तेथे अनेक विकर एकाच वेळी काम करतात आणि त्यांच्या प्रमाणाचा ताळमेळ वाणागणिक बदलतो. ऊन, उष्णता आणि काढणीची वेळ यांमुळेही प्रमाण हलते, पण कोणत्या द्रव्यांचा संच निघणार हे प्रामुख्याने वाणाच्या बीजातच ठरलेले असते.

वाळलेल्या फुलोऱ्यात सगळी टर्पिने मिळून साधारणतः वजनाच्या १ ते ३ टक्के भरतात. त्यांची यादी शंभराच्या वर जाते. वासाची चौकट मात्र पाच-सहा द्रव्येच उभी करतात.

सामान आणि मांडणी

दहा-बारा लहान काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटल्या लागतात. प्लॅस्टिकच्या डब्या वापरू नयेत, कारण टर्पिने प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि एकदा मुरलेला वास धुऊन जात नाही. मी पहिल्यांदा हे नमुने मांडले तेव्हा हिंगाची डबी आणि धन्यांची डबी एकाच पेटीत रात्रभर ठेवली होती. सकाळी धन्यांना धन्यांचा वास उरलेला नव्हता आणि सगळे सामान पुन्हा आणावे लागले. हिंग, लसूण आणि त्यांच्या जातीचे सगळे काही दुसऱ्या खोलीत ठेवावे.

मसाले अख्खे आणि ताजे घ्यावेत. ओळखीच्या दुकानात काय कामासाठी हवे आहे ते सांगितले की दुकानदारही मनापासून निवडून देतो. "ताई, ह्ये गेल्या सालचं हाय, ह्ये नगा न्हेऊ, आतनं नवं काढून देतो," असे म्हणून मला एकदा मिरी आतल्या पोत्यातून काढून मिळाली होती, आणि दोन्हींच्या वासात जो फरक होता तोच पुढे वर्गात एक स्वतंत्र प्रयोग झाला. काळी मिरी, धने, लवंग, जायफळ, एक-दोन संत्री किंवा मोसंबी, कागदी लिंबू, हंगाम असेल तर देठासकट कैरी, पिकलेला पेरू, लसूण आणि चिमूटभर हिंग एवढे पुरते.

पाइनच्या वासासाठी टर्पेंटाइन लागते आणि येथे सावध राहावे. रंगाच्या दुकानात 'टर्पेंटाइन' म्हणून जे मिळते ते बहुधा खनिज तेलापासून काढलेले पातळ द्रव्य असते. त्यात पायनीन नसते. पाइनच्या चिकापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले खरे टर्पेंटाइन चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. कोल्हापूरला त्याची टंचाई नाही, कारण आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या काळापासून हे चित्रकारांचे गाव आहे आणि तैलरंगाच्या खोलीतला तो टवटवीत, किंचित झोंबणारा वास अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेला आहे. दोन्ही द्रव्ये मिळाली तर दोन्ही ठेवावीत. खनिज द्रव्याचा उपयोग पुढे सांगते. ही दोन्ही ज्वलनशील आणि विषारी आहेत, म्हणून कापसावर एकच थेंब घेऊन बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा भाग सोडून द्यावा.

नाकाला शिकवताना

सकाळची वेळ घ्यावी, आधी चहा-तंबाखू नको आणि अत्तर लावलेले नको. बाटली नाकापासून चार बोटे लांब धरून दोन-तीन लहान, हलके श्वास घ्यावेत. एकच दीर्घ श्वास घेतला तर नाक त्या वासाला सरावते आणि तो जाणवेनासा होतो. एका वासानंतर मिनिटभर थांबून स्वतःच्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा, म्हणजे नाक मूळ जागी येते. एका बैठकीत पाच नमुन्यांपलीकडे जाऊ नये. प्रत्येक वासाला पहिल्या क्षणी जो शब्द सुचेल तो वहीत लिहावा, मग तो शास्त्रीय असो वा आजीच्या फडताळाचा. आठवणीशी बांधलेला शब्द टिकतो आणि पुस्तकातला निसटतो.

सुरुवात संत्र्याने करावी, लिंबाने नव्हे. संत्र्या-मोसंबीच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक लिमोनीन असते, तर कागदी लिंबात त्याच्याबरोबर सिट्रल आणि इतर द्रव्येही बरीच असतात. लिंबाचा जो चरचरीत ताजेपणा आपल्याला ओळखू येतो तो बराचसा सिट्रलचा आहे. सालीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून पिळला तर तेलाचे तुषार भुरकन पेटतात, आणि तो फवारा थर्माकोलच्या तुकड्यावर मारला तर तेथे खळगे पडतात, कारण लिमोनीन थर्माकोल विरघळवते. हे डोळ्यांनी पाहिलेले द्रव्य मग नाकाच्याही लक्षात राहते. त्यानंतर लिंबाची साल हुंगून दोन्हींमधला फरक नोंदवावा. 'लेमन' हा शब्द ज्यांच्या नावात असतो ते वाण एकट्या लिमोनीनवर लिंबासारखे वाटत नाहीत, हे या फरकावरून आधीच समजून येते.

धने हातात घेतले तर त्यांचा वास फारसा येत नाही, कारण तेल टरफलाच्या आतल्या नळ्यांमध्ये असते. खलबत्त्यात एकच घाव घालून हुंगावेत. फुलासारखा, थोडा गोडसर, स्वच्छ वास येतो तो लिनालूलचा. धन्यांच्या तेलात साधारणतः ६० ते ७० टक्के लिनालूल असते आणि लव्हेंडरच्या सुगंधातही तेच मुख्य आहे. लव्हेंडर न पाहिलेल्या माणसाला 'लव्हेंडर' नावाच्या वाणाविषयी समजावून सांगायचे तर धने कुटण्याइतका सोपा मार्ग दुसरा मला सापडलेला नाही.

मायर्सीनसाठी कैरी. देठ खुडल्यावर डेखापाशी जो चीक उसळतो त्यात मायर्सीन, ओसिमीन, लिमोनीन अशी टर्पिने असतात आणि त्यांचे प्रमाण आंब्याच्या जातीप्रमाणे बदलते. हापूसच्या वासात ओसिमीनचा वाटा फार मोठा असतो. चिकाचा थेंब अंगाला लागू देऊ नये, कातडी भाजते. तो काचेच्या पट्टीवर झेलावा. हिरवट, राळेचा, किंचित मातकट आणि तरीही फळाच्या जवळ जाणारा हा वास बहुसंख्य गांजा-वाणांच्या तळाशी असतो, कारण मायर्सीन हे त्यांत सर्वाधिक वेळा आढळणारे टर्पीन आहे. परदेशी पुस्तके त्याला 'हॉप्ससारखा' म्हणतात. बिअरमध्ये घातल्या जाणाऱ्या हॉप्सची वेल ही गांजाच्याच कुळातली असल्याने ती तुलना वनस्पतीच्या नात्यानेही बरोबर आहे, पण आपल्यासाठी कैरीचा चीकच खरा.

आता मिरी, आणि तिच्यापाशी थोडे रेंगाळावे. पाच-सहा दाणे भरडून लगेच हुंगले तर एकामागून एक तीन थर जाणवतात: आधी लिंबासारखा चटका, मग पाइनसारखा कोरडा ताजेपणा आणि शेवटी लाकडासारखा, ऊबदार, तिखटसर वास. पहिले दोन मोनोटर्पिनांचे आहेत आणि तिसरा बहुतांशी कॅरियोफिलीनचा. हीच पूड बशीत पसरून आठवडाभर उघडी ठेवावी आणि रोज त्याच वेळी हुंगावी. वरचे थर उडून जातात आणि खालचा उरतो. सातव्या दिवशी जे नाकाला लागते ते कॅरियोफिलीनच्या फार जवळचे असते. लवंगेतही कॅरियोफिलीन आहे, पण तेथे युजेनॉल इतके जोरकस असते की ते शिकायला लवंग उपयोगी पडत नाही. लवंग शेवटी, खूण पटवण्यासाठी घ्यावी. कॅरियोफिलीनचे आणखी एक वैशिष्ट्य आहे: ते शरीरातल्या सीबी-२ या ग्राहकाला, म्हणजे पेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला, चिकटते, आणि हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. वास देणारे आणि रोजच्या जेवणात असणारे द्रव्य गांजातली टीएचसीसारखी द्रव्ये ज्या व्यवस्थेवर काम करतात त्याच व्यवस्थेला स्पर्श करते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. मिरीने नशा येत नाही, कारण नशेचा संबंध मेंदूतल्या सीबी-१ या दुसऱ्या ग्राहकाशी आहे.

जायफळ, त्यातल्या पायनीन आणि सॅबिनीनमुळे, टर्पेंटाइनच्या शेजारी ठेवून हुंगावे. टर्पिनोलीनसाठी आपल्याकडे शुद्ध असे एकही सोपे उदाहरण नाही. संत्र्याची साल, जायफळ आणि पाइन यांच्यामध्ये कोठेतरी बसणारा तो वास आहे, एवढे नोंदवून पुढे जावे.

गंधकाचा भाग

पुष्कळ वर्षे असे मानले जाई की गांजाचा सगळा वास टर्पिनांचाच. परंतु संत्रे, धने, मिरी आणि कैरीचा चीक कितीही एकत्र केले तरी 'स्कंक' म्हणतात तो भपकारा तयार होत नाही. २०२१ मध्ये 'एसीएस ओमेगा' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचे कारण दाखवून दिले: त्या वासामागे गंधकयुक्त संयुगांचे एक कुटुंब आहे आणि त्यातले मुख्य ३-मिथाइल-२-ब्युटीन-१-थायॉल हे आहे. फुलोरा पक्व होत आला की त्यांचे प्रमाण वाढते, काढणीनंतरच्या मुरवणीत ते सर्वाधिक होते आणि साठवणीच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत झपाट्याने घटते. हाच थायॉल उन्हात ठेवलेल्या बिअरच्या पारदर्शक बाटलीत प्रकाशामुळे हॉप्सच्या द्रव्यांपासून तयार होतो आणि बिअर बिघडवतो.

टर्पिनांच्या तुलनेत ही संयुगे हजारो पटींनी कमी असतात. तरीही ती सगळ्यांवर मात करतात, कारण आपले नाक गंधकाला विलक्षण तीव्रतेने ओळखते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य अगदी अल्प प्रमाणात मिसळतात आणि तेवढ्यावर सगळे घर सावध होते. या भागाचा सराव सोपा आहे. लसणाची एक पाकळी ठेचून बाटलीत, चिमूटभर हिंग दुसऱ्या बाटलीत, आणि गॅसच्या वासाची आठवण मनात. मुद्दाम गॅस सोडून कोणीही वास घेऊ नये. आता बाजूला ठेवलेला खनिज टर्पेंटाइनचा बोळा घ्यावा: 'डिझेल' आणि 'गॅस' (अमेरिकी बोलीत पेट्रोल) या वर्गातल्या वाणांच्या वर्णनात पेट्रोलपंपासारखा जो भास सांगितला जातो तो त्यात आहे. हा बोळा लांबून एका हाताने आणि लसणाची बाटली दुसऱ्या हाताने फिरवत हुंगली की 'सावर डिझेल' किंवा 'केमडॉग' या नावांचा अर्थ पहिल्यांदा नाकाला समजतो.

गंधक नेहमी दुर्गंधच देते असेही नाही. पिकलेल्या पेरूच्या मादक वासात थायॉल गटातली ३-मरकॅप्टोहेक्सिल नावाची संयुगे आहेत, आणि २०२३ मधल्या पुढच्या अभ्यासात ती फळांसारख्या वासाच्या वाणांतही सापडली. त्याच अभ्यासात उग्र, रासायनिक वासाच्या वाणांमध्ये इंडोल आणि स्कॅटोल आढळले. इंडोल जाईच्या फुलातही असते. अत्यल्प असताना ते फुलाला गहिरेपण देते आणि प्रमाण वाढले की तेच विष्ठेच्या वासाकडे झुकते. संध्याकाळी उमललेली जाई आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कोमेजलेली जाई लागोपाठ हुंगून पाहिली तर ही सीमा किती पातळ आहे ते कळते.

वाणांचे वास जुळवून पाहणे

द्रव्ये ओळखीची झाली की जोड्या लावाव्यात. कागदाच्या लांब पट्ट्या कापून प्रत्येकीला एक वास लावावा आणि दोन-तीन पट्ट्या पंख्यासारख्या एकत्र धरून नाकापुढे हलवाव्यात. बाटलीत मिसळून टाकू नये, कारण मिसळले की परत वेगळे करता येत नाही. 'ओजी कुश' या वाणाच्या बहुतेक प्रयोगशाळा-अहवालांत मायर्सीन, लिमोनीन आणि कॅरियोफिलीन पुढे असतात, म्हणून कैरीचा चीक, संत्रे आणि शिळी मिरी यांच्या पट्ट्या घ्याव्यात. 'गर्ल स्काउट कुकीज'मध्ये कॅरियोफिलीनचा भार अधिक असतो. तेथे मिरी पुढे आणि संत्रे मागे. 'जॅक हेरर' हा गांजाच्या कायदेशीरपणासाठी झटलेल्या अमेरिकी कार्यकर्त्याच्या नावाचा वाण टर्पिनोलीनकडे झुकतो, त्यासाठी संत्रे, जायफळ आणि खऱ्या टर्पेंटाइनची अगदी फिकट पट्टी. 'जीएमओ' हा 'केमडॉग' आणि 'गर्ल स्काउट कुकीज' यांच्या संकरातला वाण आहे. लसूण, अळंबी आणि कांदा यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे म्हणून ते नाव सांगितले जाते. त्याच्यासाठी मिरीच्या पट्टीमागे लसणाची बाटली हातभर लांब उघडावी. कोल्हापूरच्या माणसाला हा वास परका वाटत नाही. उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीचे कांडप चालू असलेल्या गल्लीतून गेलेल्या प्रत्येकाने त्याचा एक भाऊबंद ओळखलेला असतो.

'स्कंक नंबर वन' या १९७० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या संकरात अफगाणी, मेक्सिकन आणि कोलंबियन झाडांचे रक्त एकत्र आले, आणि पुढच्या असंख्य संकरांत तो पालक म्हणून वापरला गेला. आज उग्र वासाचा कोणताही गांजा काही देशांत सरसकट 'स्कंक' म्हणून ओळखला जातो तो यामुळेच.

नावावर मात्र फार विसंबू नये. तेच नाव दोन उत्पादकांकडे दोन वेगळ्या वासांचे असू शकते, कारण वाणांच्या नावांची कसून नोंदणी फार थोड्या ठिकाणी होते. वाणांचे दोन गट दाखवण्यासाठी लावल्या जाणाऱ्या 'इंडिका' आणि 'सटायव्हा' या लेबलांचीही तीच गत आहे. 'नेचर प्लांट्स'मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासात या दोन लेबलांखालच्या झाडांमध्ये एकूण जनुकीय फरक स्पष्ट दिसला नाही. लेबलाशी जुळले ते मोजक्या टर्पिनांचे प्रमाण, ज्यात मायर्सीन 'इंडिका'कडे झुकलेले होते. म्हणजे उत्पादक झाडाचा वास घेत होते आणि त्यावरून त्याचे कूळ ठरवत होते. कायदेशीर बाजार असलेल्या देशांतला प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला तर नाव झाकून आधी टर्पिनांचा तक्ता वाचावा, पहिल्या तीन द्रव्यांच्या पट्ट्या समोर मांडाव्यात, आणि मग वर्णनातला शब्द त्यांच्याशी जुळतो का ते पाहावे. तक्त्यात गंधकयुक्त संयुगे बहुधा मोजलेलीच नसतात. म्हणून 'स्कंक' किंवा 'लसूण' असे वर्णन असूनही तक्त्यात त्याचे कारण सापडले नाही, तर तक्ता चुकला असे समजू नये.

पंधरा दिवसांनी आंधळी परीक्षा घ्यावी. घरातल्या कोणालातरी बाटल्यांवर फक्त क्रमांक लावायला सांगावे आणि त्यांत गांजाशी संबंध नसलेला एक वास मिसळायला सांगावा. चैत्रात जोतिबाहून आणलेला दवणा त्यासाठी उत्तम, कारण त्याचा गोड, दाट वास मुख्यतः दवणोन नावाच्या वेगळ्याच द्रव्याचा आहे. दहापैकी सात बाटल्या ओळखता आल्या आणि दवणा बाजूला काढता आला, तर नाक तयार झाले असे धरून चालावे.

नमुने ताजे ठेवावेत. संत्र्याची साल आणि कैरीचा चीक दुसऱ्याच दिवशी बदलावा, भरडलेले धने आठवड्याने, अख्खी मिरी मात्र घट्ट झाकणात आणि अंधारात ठेवली तर वर्षभर चालते. फक्त हुंगण्याच्या वेळी ती नव्याने फोडावी.